ताकाला जाऊन

माझ्या पुढचा मुलगा आधी कंगवा मागत होता. मग शाम्पूच्या दोन पुड्या, मग दाढीचं ब्लेड. डोंबिवली पूर्वेला स्टेशनवरून घरी येताना वाटेत लागणारं आमचं नेहमीचं मेडिकल, संध्याकाळचे साडेसात, काउंटरपाशी सहा-सात माणसं, मागे रिक्षांचे हॉर्न. मुलगा चोवीस-पंचविशीचा असेल. पाठीला लॅपटॉपची सॅक, गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या खिशात खोचलेलं. ब्लेड मिळालं तरी तो हलेना. एकदा मागे वळून आमच्याकडे बघितलं, मग काउंटरवर जवळजवळ ओणवा झाला आणि कर्जाचा हप्ता थकलेली माणसं आमच्या बँकेत ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात म्हणाला, "काका, ते पोटाचं प्रोबायोटिक का काय असतं ना... आहे का?"

दुकानातल्या काकांना ऐकायला जरा कमी येतं, त्यामुळे समोरच्यालाही कमीच येत असणार असं धरून ते बोलतात. "कुणाला पाहिजे?" मित्राला. "लूज मोशन होतायत की कॉन्स्टिपेशन?" मुलाचे कान माझ्या डोळ्यांदेखत लाल झाले. "दोन्ही," तो म्हणाला. "दोन्ही? अहो, दोन्ही कसं होईल? एक काहीतरी सांगा." रांगेतल्या एक बाई हसल्या. वाईट हेतू नव्हता त्यात, टीव्ही बघताना माणूस हसतो तसं. काकांनी एक पट्टी काढून टाकली, "हे चालतंय सध्या, सगळे हेच नेतात." मुलाने नाव वाचलं नाही, किमतीकडे बघितलं नाही, मोबाइलने पैसे भरले आणि निघाला. कंगवा काउंटरवरच राहिला. "ओ, कंगवा!" अशी काकांनी हाक मारली तेव्हा तो गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. वळून न बघता त्याने चालण्याचा वेग वाढवला.

मग माझा नंबर आला. माझ्या पर्समध्ये तसल्याच, म्हणजे पोटाला बऱ्या अशा जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलच्या वेष्टणाचा कातरून ठेवलेला तुकडा असतो. तो मी घडीसकट काकांच्या हातात दिला. गेली काही वर्षं मी हे नाव दुकानात उच्चारलेलं नाही, तुकडा देते. वर एक खोबरेल तेलाची बाटली मागितली. घरात दोन होत्या.

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचीच रांग होती ती, आणि मी तिच्यात वयाने मोठी.

"दोन्ही होतं, काका." एवढंच तर म्हणायचं होतं. रात्री पोळ्या लाटताना ते तीन शब्द तव्यावर सारखे फुगत होते. एकाच आठवड्यात सोमवारी बांध फुटावा आणि गुरुवारपर्यंत सगळं दगडासारखं व्हावं, हे मला वीस वर्षं माहीत आहे. त्या मुलाला असं वाटत असणार की अख्ख्या महाराष्ट्रात हे फक्त त्यालाच होतं. मलाही तसंच वाटायचं.

माझं सुरू झालं ते 2005 च्या पुरानंतर. 26 जुलैला फोर्टातल्या शाखेतून निघाले ती दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले, मधला बराच रस्ता कमरेएवढ्या पाण्यातून. त्या पाण्यात काय काय तरंगत होतं ते लिहीत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना आठवतंय. आठ-दहा दिवसांनी उलट्या-जुलाब सुरू झाले, दोन दिवस सलाइन लागलं, आणि मी बरी झाले. म्हणजे रिपोर्ट बरे झाले. पोट काही पूर्वीसारखं झालं नाही. त्याआधी आपल्याला पोट आहे हे मला फक्त भूक लागल्यावर आठवायचं.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की कॅनडात वॉकरटन नावाच्या लहानशा गावात मे 2000 मध्ये असंच झालं होतं. जोराच्या पावसाने शेतातली घाण पिण्याच्या विहिरीत उतरली, दोन हजारांवर माणसं आजारी पडली, सात दगावली. डॉक्टरांनी पुढची आठ वर्षं त्या गावाचा पाठपुरावा केला. जुलाब कधीच थांबलेल्या कित्येकांची पोटं तरीही कुरकुरतच राहिली होती. जंतू निघून गेलेले, आतडं मात्र त्यांच्याच आठवणीवर चाललेलं. वाचून मला चमत्कारिक बरं वाटलं. एका न पाहिलेल्या गावातली माणसं आमच्या सोसायटीतल्यांपेक्षा जवळची वाटली.

मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो. रोज प्रवास करणाऱ्या लाखो माणसांना ही गोष्ट कधी जाणवतही नाही. माझ्या डोक्यात मात्र मध्य रेल्वेचा एक वेगळाच नकाशा तयार झाला होता: कुठल्या स्टेशनात कुठल्या टोकाला आहे, दाराला कडी आहे का, नळाला पाणी असतं का, बाहेरची बाई सुट्ट्या पैशांसाठी अडून बसते का. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. गाडी बोगद्यात शिरली की आवाज एकदम अंगावर येतो, दिवे पिवळे वाटायला लागतात, गजऱ्यांचा, घामाचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास दाटतो. आणि नेमकी तिथेच बेंबीच्या डाव्या अंगाला खाली कळ यायची, ओला टॉवेल कुणी दोन्ही हातांनी पिळायला घ्यावा तशी. तळव्यांना गार घाम. शेजारची भिशीचा हिशेब सांगतेय, मी मान हलवतेय, आणि आत माझं फक्त मोजणं चाललेलं, ठाणं यायला अजून किती. एकदा ठाण्याला उतरून बाकावर तासभर बसून राहिले. ऑफिसात फोन करून सांगितलं, गाड्या लेट आहेत. त्या दिवशी गाड्या वेळेवर होत्या.

त्यानंतर मी स्लो पकडायला लागले. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. दर दोन-चार मिनिटांनी दार, दर दोन-चार मिनिटांनी सुटका. उतरावं लागायचंच असं नाही, बहुतेकदा नाहीच. उतरता येईल एवढं पोटाला कळलं की ते गप्प बसायचं. फास्टच्या ग्रुपमधल्या मैत्रिणींनी विचारलं, अगं, रोज एवढा वेळ का घालवतेस? त्यांना एकच उत्तर मी पुढची कितीतरी वर्षं दिलं.

स्लोला बसायला मिळतं.

आमच्या साताऱ्याच्या घरात या विषयाला एवढे आडपडदे नव्हते. आजी 'कोठा' म्हणायची. याचा कोठा जड, तिचा कोठा हलका, अमक्याला रेच दिला की कोठा कसा साफ होतो. रंग-रूप-स्वभाव सांगावा तसं ती माणसाचा कोठा सांगायची, लग्नाच्या बैठकीतसुद्धा. पुढे आम्ही शिकलो, ब्लॉकमध्ये आलो आणि कोठा गेला. त्याजागी 'मोशन' आलं, 'अपसेट' आलं. मला काय होतंय हे डॉक्टरांना सांगताना माझ्याकडे शब्दच नसायचे. एकदा तर मी 'व्यवहार नीट होत नाही' असं म्हटल्याचं आठवतं, बँकेतलीच ना. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. दुसऱ्यांनी आमांशाचं. आईने बेलाचा मुरांबा पाठवला. सासूबाईंनी ओवा, हिंग, सुंठ. साताऱ्याच्या वैद्यांनी ग्रहणी म्हणून सांगितलं आणि ताक प्या म्हणाले. ग्रहणीच्या विकारावर ताक श्रेष्ठ असं चरकानेच म्हटलेलं आहे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शेवटी 2018 मध्ये ठाण्याच्या एका पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी प्रश्नच विचारले. शौचातून रक्त जातं का, वजन आपोआप उतरलंय का, रात्री गाढ झोपेतून पोटाने उठवलंय का, रक्त कमी आहे का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का. सगळ्याला नाही. तरी वय चाळिशीपुढचं म्हणून दुर्बीण घालून बघू म्हणाले. आदल्या संध्याकाळी ते खारट, लिंबाचा वास मारलेलं पाणी ग्लासामागून ग्लास संपवायचं. रात्रभर जे झालं ते झालं. सकाळी भूल उतरली तेव्हा नवरा रिपोर्ट हातात घेऊन हसत उभा होता: सगळं नॉर्मल. मला रडू आलं. त्याला वाटलं, आनंदाचं आहे. थोडं होतंही. पण तेरा वर्षं ज्याच्यापायी मी लग्नाच्या पंगती टाळल्या, सहली टाळल्या, एसटीत बसायच्या आधी चार तास पाणी पिणं सोडलं, त्याचा एका फोटोतही ठिपका नाही? चोर घरात आहे हे मला ठाऊक, आणि पोलीस सगळं घर बघून म्हणतात, बाई, इथे कुणी नाही.

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे एक वळसे-वळसे असलेली नळी काढली आणि तिच्यावरून बारीक रेघा मारल्या. या नसा, म्हणाले. तुमचं आतडं आजारी नाही, चिडकं आहे, याला आयबीएस म्हणतात, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्यात छोटा फुगा घालून तो हळूहळू फुगवायचे प्रयोग झालेत. ज्या दाबाला इतरांना नुसतं काहीतरी जाणवतं, त्याच दाबाला तुमच्यासारख्या अनेकांना दुखायला लागतं. मेंदू आणि आतडं यांची एकमेकांशी सारखी बोलणी चालू असतात, तुमच्यात ती जरा चढ्या आवाजात चालतात. मला दुकानातले काका आठवतात ते त्यामुळेच. या दुखण्याची व्याख्या म्हणे रोमच्या नावाने ओळखली जाते, 2016 मध्ये तिची चौथी आवृत्ती आली: आठवड्यातून निदान एक दिवस पोटात दुखणं, तेही तीन महिने, आणि त्याचं शौचाशी काहीतरी नातं. मी मनातल्या मनात बरोबरच्या खुणा करत गेले. परीक्षेत पहिल्यांदा सगळी उत्तरं यावीत तशी.

"एक प्रोबायोटिक लिहून देतो," ते म्हणाले. "चार आठवडे घ्या. एकच घ्यायचं, मध्ये बदलायचं नाही. फरक वाटला तर ठीक, नाही वाटला तर बंद. फार आशा ठेवू नका, फार शंकाही घेऊ नका."

मी आकड्यांत आयुष्य घालवलेली बाई. घरी येऊन वाचत सुटले. आधी भेटला तो मेचनिकॉफ, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधला. 1908 चं नोबेल त्याला मिळालं ते पांढऱ्या पेशींवरच्या कामाबद्दल, पण म्हातारपणी त्याने मनावर घेतलं ते दही. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात ते आंबवलेल्या दुधामुळे, असं त्याचं मत. स्वतःही रोज घ्यायचा. 1916 मध्ये तो गेला तेव्हा 71 वर्षांचा होता. आमच्या आजीने दह्याचा काही सिद्धान्त न मांडता 91 गाठली. मग जपानचे शिरोटा, त्यांनी 1935 मध्ये बाजारात आणलेली ती याकुल्टची इवलीशी बाटली. आज आपल्याकडे मिळते तिच्यात 650 कोटी जिवाणू असतात. ऐकायला केवढं वाटतं! पण आपल्या शरीरात मुळात साधारण 38 लाख कोटी जिवाणू आहेत असा 2016 मधला हिशेब आहे. मी भागाकार करून बघितला. जवळपास सहा हजारांमागे एक. म्हणजे सकाळच्या गच्च लोकलमध्ये डोंबिवलीला आणखी एक माणूस चढला. त्याने आत जाऊन शिस्त लावावी अशी आपली अपेक्षा.

आणि चढणारा माणूस कोण हेही महत्त्वाचं. 'प्रोबायोटिक द्या' असं म्हणणं म्हणजे पुण्यात जाऊन 'देशपांडे कुठे राहतात' असं विचारणं. कुठले देशपांडे? जिवाणूंचीही आडनावं असतात, घराणी असतात आणि शेवटी एकेक माणूस असतो, त्याला नावही नसतं, कैद्यासारखा नंबर असतो. 35624 नंबरच्या एका बिफिडोबॅक्टेरियमवर 2006 मध्ये ब्रिटनमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आयबीएस असलेल्या 362 बायकांवरचा. तीन मात्रा होत्या: दहा लाख, दहा कोटी आणि एक हजार कोटी. मला वाटलं हजार कोटीवाल्या जिंकणार. जिंकल्या दहा कोटीवाल्या. हजार कोटींच्या कॅप्सूलमध्ये इतकी गर्दी झाली होती की ओल लागल्यावर आतल्या पावडरीचा डिंकासारखा गोळा व्हायचा आणि तो सुटायचाच नाही. हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. दादरला दारात अडकलेली माणसं आणखी वेगळी काय असतात? तेव्हापासून वेष्टणावर कोटींचे आकडे वाढवून छापलेले दिसले की मला तो डिंक आठवतो.

एका घराण्यातला एक जण कामाला आला म्हणून त्याचा चुलतभाऊ येईलच असं नाही, आणि माझ्या पोटात आला म्हणून शेजारणीच्या पोटात येईलच असंही नाही. त्यामुळे तज्ज्ञांचंही एकमत नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या एका संघटनेने सांगितलं की आयबीएससाठी हे संशोधनापुरतंच द्यावं. पुढच्याच वर्षी ब्रिटनवाल्यांनी सांगितलं, बारा आठवड्यांपर्यंत घेऊन बघायला हरकत नाही, उपयोग नसेल तर सोडा, पण अमुकच घ्या असं काही आम्हाला सांगता येत नाही. माझे ठाण्याचे डॉक्टर तीन वर्षं आधी हेच म्हणाले होते, एका वाक्यात.

मग दह्याचं काय, हा प्रश्न आपल्याकडे येणारच. माझं लग्न झालं तेव्हा आईने साताऱ्याहून विरजण दिलं होतं, स्टीलच्या फिरकीच्या डब्यात, डब्याला नॅपकिन गुंडाळून वर रबर. त्यातली निवळी पनवेलच्या आसपास माझ्या नव्या साडीवर सांडली होती, तो आंबूस वास अजून नाकात आहे. 2016 मध्ये आई मांडीचं हाड मोडून तीन आठवडे दवाखान्यात होती. घर बंद, विरजण गेलं. तेव्हा मी डोंबिवलीहून तिचंच विरजण तिला परत नेलं. एसटीत गुडघ्यांत डबा धरून, नेहमीप्रमाणे पाण्याचा घोट न घेता, स्वारगेट कधी येतंय याच्याकडे डोळे लावून. आईने पलंगावरून हात लांब करून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "आपलंच आहे." खरं तर त्यात तिच्या घरचं काही उरलं असेल की नाही, देव जाणे. दूध बदललं, पाणी बदललं, भांडं बदललं की विरजणातली वस्तीही बदलत जाते. पंधरा वर्षांत आत कोण कोण येऊन राहिलं असेल आणि कोण गेलं असेल. हे मी तिला सांगितलं नाही. त्या दुपारी तिने अदमुरं दही वाटीभर खाल्लं, तीन आठवड्यांत पहिल्यांदा मागून.

दह्यातले जिवाणू जिवंत असतात, पोटाला सोसतात, पण त्यांचा नंबर कुणी घेतलेला नसतो आणि जठरातल्या आम्लातून त्यातले किती पार होतात याचा भरवसा नसतो. औषधाच्या दुकानातल्या पाच मिलीच्या कुप्यांत जे बीजाणू असतात ते कवच घेऊनच जन्मतात, त्यांना ना फ्रिज लागतो ना आम्लाची भीती. आमची आंबील, आंबोळी, ढोकळा, कढी, यांचं तर काय, आंबवतो खरं, मग चुलीवर चढवतो. चव उरते, जीव उरत नाही. तरीही भात-ताक कालवून, वर लिंबाच्या लोणच्याची फोड घेऊन मी जेवते तेव्हा पोट जसं सैल होतं तसं ते कुठल्याच कॅप्सूलने होत नाही. याला पुरावा नाही. मराठीतही बघा ना, कुणाच्या आनंदावर विरजण 'पडतं' तेव्हा सगळं बिघडतं आणि दुधात तेच 'लावलं' की दही होतं.

तर, कॅप्सूल मी सुरू केली ती आषाढात, कांदेनवमीच्या आदल्या आठवड्यात. कांदेनवमीला आमच्याकडे सासूबाई भजी, कांद्याची थालीपीठं, भरले कांदे असा सगळा कांद्याचा श्राद्धविधी उरकतात आणि दोन दिवसांनी, आषाढी एकादशीपासून चातुर्मास, घरात कांदा-लसूण बंद. चौथ्या आठवड्यात, श्रावणात, माझ्या लक्षात आलं की मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी, तिन्ही दिवस मला पोटाची आठवण आली नव्हती. भीत भीत कुणालाच सांगितलं नाही, दृष्ट लागायची. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, छान, आणखी दोन महिने घ्या. मग सहज विचारलं, जेवणात काही बदल? मी म्हटलं, नाही हो, चातुर्मास आहे एवढंच. ते खुर्चीत मागे टेकले.

कांदा आणि लसूण यांत एक प्रकारची साखळदंडी साखर असते, ती कुणालाच पचत नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, गॅस होतो. साध्या पोटाला त्याचं काही नसतं, चिडक्या पोटाला तोच फुगा. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी अशा पदार्थांच्या याद्या केल्या आहेत, त्यांत कांदा-लसूण अगदी वर. घरी येऊन मी रजेच्या जुन्या नोंदी काढल्या. पोटासाठी घेतलेल्या, 'ताप' म्हणून लिहिलेल्या रजा. कार्तिकी एकादशीनंतर वाढलेल्या आणि आषाढानंतर उतरलेल्या, वर्षामागून वर्षं. साताऱ्याहून दर उन्हाळ्यात आई कांदा-लसूण मसाल्याची बरणी पाठवते, लाल, तेलकट, झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी आणणारी. त्या बरणीकडे मी त्या दिवशी बराच वेळ बघत बसले. आईला अजून सांगितलेलं नाही. बरणी येते, मी थोडा मसाला नवऱ्याच्या आमटीला वापरते, बाकीचा कामाच्या मावशी आनंदाने नेतात.

आणि त्याच जूनमध्ये माझी बदली फोर्टातून डोंबिवलीच्या शाखेत झाली होती, घरापासून चालत दहा मिनिटं. म्हणजे लोकलही सुटली होती.

आता बरं कशाने वाटलं? सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते? ताकाने मार्गाला लागलीस." नवरा म्हणाला, लोकल सुटली म्हणून. मला वाटतं चातुर्मास. डॉक्टरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "माझी फी मिळाली, श्रेय तुम्ही कुणालाही द्या." बोस्टनमधल्या टेड कॅपचक या संशोधकाचा 2010 चा एक प्रयोग आहे. आयबीएसच्या 80 रुग्णांपैकी काहींना नुसत्या नावाच्या गोळ्या दिल्या, त्याही 'यात औषध नाही' असं स्वच्छ सांगून. तीन आठवड्यांनी गोळ्या घेणाऱ्यांपैकी 59 टक्क्यांना पुरेसं बरं वाटलं, न घेणाऱ्यांपैकी 35 टक्क्यांना. मी तो चार वेळा वाचला. कुणीतरी समोर बसून ऐकून घेतलं, वेडी ठरवलं नाही, रोज सकाळी घ्यायला काहीतरी हातात दिलं. माझ्या त्या प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागची नळी, तिच्यावरच्या रेघा, तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

एप्रिल 2020 मध्ये कॅप्सूल संपली. दुकानात माल नव्हता. शाखा दिवसाआड, बाहेर जाणं बंद, संडास केव्हाही दहा पावलांवर. माझं पोट इतकं शांत कधीच नव्हतं. कॅप्सूल संपल्याला पाच आठवडे झाले हे कॅलेंडरवरच्या खुणा बघून कळलं. एवढा धडधडीत पुरावा हातात आल्यावर कुणीही शहाणी बाई थांबली असती. दुकान सुरू झाल्याबरोबर मी पट्टी आणली. अजून आणते. तीन महिने घेते, दोन महिने थांबते, कुठे लग्न, प्रवास, ट्रेनिंग असलं की आधी पंधरा दिवस सुरू करते. प्रवासाच्या आधी कुणी कुलदैवताला नारळ ठेवावा तसं. तो 'मित्र'वाला मुलगा निदान पहिल्यांदाच नाव न बघता घेत होता. मी सगळं बघून, वाचून, भागाकार करून घेते.

त्याला खूप काही सांगायचं होतं मला. की बाबा रे, पट्टीवरचं पूर्ण नाव आणि नंबर वाच. चार आठवडे एकच घे, त्याबरोबर जेवण बदलू नकोस, नाहीतर माझ्यासारखा हिशेब कधी लागायचा नाही. रक्त गेलं, वजन उतरलं तर हे सगळं सोड आणि डॉक्टरांकडे पळ. दोन्ही होतं, आमच्यात पुष्कळांना होतं. काउंटरवर त्याचा कंगवा दोन-तीन दिवस होता, काळा, लहान, खिशातला. नंतर काकांनी तो परत खोक्यात टाकला.

परवा एका दिवसाच्या ट्रेनिंगला फोर्टात जायचं होतं. अर्थात पंधरा दिवस आधी कॅप्सूल सुरू केली होती. सकाळी आठच्या सुमारास लेडीज डब्याच्या खुणेपाशी उभी होते. सीएसएमटीची जलद गाडी येत असल्याची घोषणा झाली आणि नेहमीसारखी पळापळ झाली, जिन्यावरून माणसांचा लोट पलीकडच्या फलाटाकडे वाहायला लागला. आमच्या फलाटावर एकदम मोकळं झालं, वडापावच्या तेलाचा वास यायला लागला. खांबाला टेकून तो उभा होता. तीच सॅक, ओळखपत्र खिशात. कानाला फोन.

"नाही रे, तू हो पुढे, फास्टने जा," तो सांगत होता. "मी स्लोने येतो. अरे, बसायला मिळतं स्लोला."

गाडी डोंबिवलीहूनच सुटणारी होती. बसायला मिळालं.